व्यवसायासाठी क्लाउड सॉफ्टवेअरचे पैसे कधी मोजावेत?



आपल्या वाचकांमध्ये छोटे व्यवसाय करणारे पुष्कळ आहेत. कोणाचा छापखाना आहे, कोणाचे औषधाचे दुकान, कोणाचे शिवणकाम, तर कोणी शाळांना माल पुरवतात. कामाच्या निमित्ताने अशा काही जणांचे कागदपत्र लावून देण्यास मी बसतो, तेव्हा एक प्रश्न हटकून कानी येतो : "जीमेल फुकट मिळते, मग दरमहा पैसे कशाला भरायचे?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून या अंकात त्याचा थोडा अभ्यास करू.

प्रथम वस्तू समजून घेऊ. ईमेल, मजकूर लिहिण्याची सोय, हिशेबाच्या शीट, फाइली ठेवण्याची जागा, कॅलेंडर आणि व्हिडिओ बैठक हे सारे आपल्या संगणकावर न राहता कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर राहते आणि इंटरनेटवरून उघडते. याला क्लाउड म्हणतात. गुगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ही यातील दोन मोठी नावे. आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीचेही असे साधन आहे. यांची वर्गणी दर माणशी, दर महिन्याला मोजली जाते. हे 'दर माणशी' लक्षात ठेवा, पुढे हिशेब करताना लागेल.

फुकट खाते वाईट असते असे मुळीच नाही. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते. मात्र ती ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. दिवसाला साधारण ५०० मेल पाठवता येतात. घरी एकटीने शिवणकाम करणाऱ्या भगिनीला यापेक्षा अधिक काय लागते? अशाच एका भगिनीला एका विक्रेत्याने पाच जणांची योजना सुचवली होती. तिच्याकडे माणसे किती, तर ती स्वतः आणि अधूनमधून हात लावणारी भाची. मी तिला नको म्हणून सांगितले. कागद लिहिण्यासाठी आणि हिशेबासाठी लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर संगणकावर विनामूल्य बसते, इंटरनेट नसले तरी चालते. एकट्याच्या धंद्याला तेवढे पुरते.

मग पैसे मोजण्याची वेळ केव्हा येते? बहुतेक जण जागा भरली की पैसे भरायला निघतात. माझ्या मते ते सर्वांत दुबळे कारण आहे. जागा भरते ती बहुधा लग्नाच्या आणि नातवंडांच्या फोटोंनी, धंद्याच्या कागदांनी नव्हे. तेवढ्यासाठी फोटो हलवावेत किंवा एका माणसापुरती जादा जागा घ्यावी. खरा प्रश्न मालकीचा आहे.

माझ्या ओळखीच्या एका बांधवांचा छापखाना आहे. ते स्वतः, त्यांची पत्नी आणि दोन मुले कामाला. कोटेशन पाठवणे, शाळांच्या ऑर्डरी घेणे आणि मजकूर तपासून परत धाडणे हे सारे त्यांतील एक मुलगा आपल्या स्वतःच्या जीमेलवरून करीत असे. मुलगा प्रामाणिक, कामाला तरतरीत. त्याला पुण्याला चांगली नोकरी लागली आणि तो गेला. भांडण नाही, तंटा नाही. काही आठवड्यांनी त्याचा फोन हरवला, जुना नंबरही बंद झाला, आणि पासवर्ड तर फोनलाच ठाऊक होता. ऐन एप्रिलमध्ये, वह्या आणि डायऱ्यांच्या हंगामात, तीन वर्षांची कोटेशने, ग्राहकांचे पत्ते आणि मंजूर झालेले नमुने त्या बंद खात्यात अडकून पडले. शाळा विचारू लागल्या, "गेल्या वर्षीच्याच दराने द्याल ना?" आणि गेल्या वर्षीचा दर कोणालाच ठाऊक नव्हता.

येथे कोणाचा दोष शोधण्यापेक्षा रचना पाहा. मोफत खाते हे व्यक्तीचे असते. करार गुगल आणि तो मुलगा यांच्यातला. छापखान्याच्या मालकाला त्यात स्थान नाही. खाते परत मिळवायचे तर त्याच्याच नंबरवर, त्याच्याच दुसऱ्या मेलवर खातरजमा होणार. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल काढून टाकू शकते, असा नियम २०२३ पासून आहे. धंद्याच्या सशुल्क योजनेत मात्र खाती व्यवसायाची असतात. मालक स्वतः ॲडमिन असतो. माणूस गेला तर त्याचा पासवर्ड बदलता येतो, त्याच्या फाइली दुसऱ्याच्या नावे करता येतात, आणि वर्कस्पेसमध्ये चुकून काढलेले खाते २० दिवसांच्या आत परतही आणता येते. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः या ताब्याचे.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी : ज्या दिवशी ग्राहकांचे कागद आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या खासगी खात्यातून फिरू लागतात, त्या दिवसापासून सशुल्क योजनेचा विचार करावा. मग धंदा कितीही लहान असो.

दुसरी कसोटी पत्त्याची. पावतीवर, पाटीवर आणि गाडीवर छापलेला ईमेल पत्ता आपल्या स्वतःच्या डोमेनचा असेल, तर उद्या कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. जीमेलचा पत्ता असा हलवता येत नाही. डोमेन वेगळे विकत घ्यावे लागते आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर घ्या. वेबसाइट करून देणारा पुष्कळदा ते आपल्याच नावावर घेऊन ठेवतो. मग पुन्हा छापखान्याचीच गोष्ट.

फुकट ते कायम फुकट राहील असेही धरून चालू नये. गुगलने २००६ मध्ये स्वतःच्या डोमेनसाठीची ही सेवा मोफत सुरू केली. डिसेंबर २०१२ पासून नव्या ग्राहकांना मोफत देणे थांबवले. ज्यांच्याकडे जुनी मोफत खाती होती त्यांना जानेवारी २०२२ मध्ये कळवले की आता पैसे भरावे लागतील. पुढे घरगुती वापर करणाऱ्यांना सूट मिळाली, पण व्यवसायांना नाही. त्यात अन्याय काही नाही. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेला संसार तो केव्हाही उचलायला सांगू शकतो, एवढेच.

आता हिशेब. समजा, दर माणशी दरमहा २०० रुपये आहेत आणि माणसे चार. वर्षाचे ९,६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,७२८, एकूण ११,३२८ रुपये. आपण नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही. पण चारही माणसांना खाते लागते का? माल पोचवणाऱ्याला लागत नाही. 'ऑर्डर' किंवा 'बिल' अशा नावाचे जोडपत्ते एकाच खात्याला विनामूल्य लावता येतात, त्यासाठी वेगळी वर्गणी नसते. छापखान्यात शेवटी दोनच खाती घेतली. वर्षाच्या करारात दर कमी पडतो, परंतु मध्येच माणूस कमी झाला तरी त्याची वर्गणी करार संपेपर्यंत भरावी लागते. हंगामी मदतनीस ठेवणाऱ्यांनी महिन्याचाच करार करावा.

योजनेचे नाव पाहून पैसे भरू नका, तिच्यात काय आहे ते वाचा. मायक्रोसॉफ्टच्या सर्वांत स्वस्त व्यवसाय योजनेत १ टीबी जागा मिळते, पण वर्ड आणि एक्सेल फक्त ब्राउझरमध्ये व मोबाइलवर. संगणकावर बसणारे हवे असतील तर वरची योजना घ्यावी लागते. आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत : श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमधील मजकूर गुगल डॉक्समध्ये उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. पेजमेकरच्या फाइली तेथे नुसत्या ठेवता येतात, उघडत नाहीत. छापखान्याच्या जुन्या कामापैकी बरेचसे त्यामुळे अजून हार्ड डिस्कवरच आहे, आणि ते योग्यच आहे.

काही गोष्टी पैशाने मिळत नाहीत. एका ठिकाणी पुसलेली फाइल क्लाउडमध्ये सगळीकडे पुसली जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते. तेव्हा महिन्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर प्रत घेणे सुटत नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि वर्गणी थांबली की खातेही थांबते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करणेही आपल्याच हाती आहे.

एका बांधवांनी मला विचारले की, ट्रस्टला गुगलची मोफत खाती मिळाली आहेत, त्यांतले एक दुकानाला वापरले तर? पात्र नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना गुगल वर्कस्पेस विनामूल्य देते हे खरे. ती सवलत संस्थेच्या कामापुरती असते. दुकानाचे खाते दुकानाने घ्यावे. दुकानाचा माल ट्रस्टच्या खात्यात राहू लागला तर सवलत रद्द होण्याची भीती तर आहेच, शिवाय विश्वस्त बदलले की दुकानाचे कागद कोणाच्या ताब्यात जातील?

बदल करायचा ठरला तर हंगामात करू नका. वर्कस्पेसला १४ दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. त्या दिवसांत एक खरे कोटेशन, एक खरे बिल आणि एक मराठी पत्र त्यात करून पाहा. जुन्या पत्त्यावरचे मेल नव्याकडे वळवण्याची सोय चालू ठेवा, आणि ग्राहकांना नवा पत्ता कागदावर छापून द्या. छापखान्याने हे ऑगस्टमध्ये केले. जुना पत्ता त्या मुलाचाच, तो तर उघडत नव्हता. म्हणून मालकांच्या पत्नीने जुन्या बिलबुकांतून शाळांचे नंबर काढले आणि एकेकीला फोन करून सांगितले. दोन दिवस गेले त्यात.