घरातील दुर्गंधी : झाकू नका, शोधून काढा

घरात कुबट किंवा सडका वास येऊ लागला की आपला हात पहिल्यांदा जातो तो उदबत्तीच्या पुड्याकडे. कोणी कापूर जाळतो, कोणी धूप घालतो, कोणी दुकानातून सुवासिक फवाऱ्याचा डबा आणतो. तास-दोन तास बरे वाटते आणि पुन्हा जैसे थे. कारण साधे आहे. सुगंधाने दुर्गंधी नाहीशी होत नाही, ती फक्त झाकली जाते. वास ही घराने दिलेली सूचना असते. कुठेतरी काही सडते आहे, साचते आहे, जळते आहे किंवा गळते आहे, हे ती सांगत असते. तिचा माग काढणे हाच खरा उपाय. काही वास तर असे असतात की त्यांचा माग वेळेवर काढला नाही तर जिवावर बेतते.

वास म्हणजे रोग नव्हे, रोगाचा पत्ता

पूर्वी युरोपात दुर्गंधीयुक्त हवेमुळेच रोग होतात अशी समजूत होती. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा' असा आहे. दलदलीजवळ राहणाऱ्यांना ताप येतो हे लोकांना दिसत होते. पण दोष हवेचा नसून साचलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या डासांचा आहे, हे कळायला १८९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. गडचिरोली-चंद्रपूरच्या लोकांना मलेरिया काय असतो हे वेगळे सांगायला नको. सांगायचे ते एवढेच की वास स्वतः रोग देत नाही, पण रोगाच्या जागेकडे बोट मात्र दाखवतो.

आपल्याच नाकावर विश्वास का ठेवू नये?

एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांतच नाकाला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणूनच पाहुण्याला उंबऱ्यात येताच जो वास जाणवतो, तो घरच्यांना जाणवत नाही. यावर युक्ती अशी : पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या हवेत फिरून यावे आणि दार उघडताच पहिल्या दोन-तीन श्वासांकडे लक्ष द्यावे. घर काही तास बंद राहिलेले असेल तर अधिक चांगले.

सर्दी, नाकाचे हाड वाढणे, तंबाखू-विडीचे व्यसन आणि वाढते वय यांमुळे वास घेण्याची शक्ती कमी होते. २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीत अनेकांचा वास गेला आणि काहींचा तो पूर्णपणे परतलेला नाही. अशी व्यक्ती घरात एकटी स्वयंपाक करत असेल तर गॅस गळतीचा वास तिला येणार नाही, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

माग कसा काढावा?

१) सर्व खोल्यांची दारे दोन तास बंद ठेवावीत. नंतर एकेक दार उघडून वास घ्यावा. खोली नक्की झाली की अर्धे काम झाले.

२) त्या खोलीत जमिनीजवळ, कमरेच्या उंचीवर आणि छताजवळ, असा तीन ठिकाणी वास घ्यावा.

३) वास केव्हा येतो ते टिपून ठेवावे. पावसानंतर येत असेल तर ओल, कूलर सुरू केल्यावर येत असेल तर कूलर, नळ सोडल्यावर येत असेल तर पाणी किंवा मोरी, असा अंदाज बांधता येतो.

४) वासाची जात ओळखावी. ओल्या मातीसारखा कुबट वास बुरशीचा. डोळ्यांना झोंबणारा, लघवीसारखा वास उंदीर, मांजर किंवा छपरातल्या वटवाघळांचा. उग्र कस्तुरीसारखा वास चिचुंद्रीचा. सडक्या अंड्यासारखा वास गटाराचा किंवा सेप्टिक टँकचा. मात्र असा कोणताही सडका वास स्वयंपाकघरात आला तर आधी गॅस तपासावा, मग बाकीचे.

न्हाणीघर : दोन इंच पाण्याचा पहारा

सर्वाधिक तक्रारी न्हाणी-संडासाच्या असतात. मोरीच्या जाळीखाली वाकडा भाग असतो. त्याला देशभरातले प्लंबर 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात; आपलाच शब्द सगळीकडे गेला आहे. त्यात सुमारे दोन इंच पाणी कायम साचून राहते आणि गटारातील वायू वर येऊ देत नाही. संडासच्या भांड्यातील वाकडी नळी हेच काम करते. या नळीचे पहिले पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी इंग्लंडमध्ये १७७५ साली घेतले.

आता ऊर्जानगरचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. शाळांना सुट्या लागल्या की क्वार्टरला कुलूप लावून मंडळी गावी जातात. तीन-चार आठवड्यांत ट्रॅपमधले पाणी आटते आणि परत आल्यावर घरभर गटाराचा वास सुटलेला असतो. लोक मेलेला उंदीर शोधत बसतात. उपाय फक्त एक बादली पाण्याचा! प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि संडासात पाणी ओतावे, खिडक्या उघडाव्यात. गावी जाताना मोरीत पाणी ओतून त्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडले तर पाणी हळू आटते.

पाणी ओतूनही वास राहिला तर जाळी काढून केस, साबणाचा चिकटा आणि गाळ हाताने साफ करावा, अर्थातच हातमोजे घालून. जाळीखालची उलटी वाटी 'पाणी लवकर जात नाही' म्हणून काढून टाकलेली असेल तर ती पुन्हा बसवावी. तीच वायू अडवते.

सेप्टिक टँकच्या वासाच्या बाबतीत मात्र स्वतः झाकण उघडून आत डोकावू नये आणि कोणालाही आत उतरवू नये. आत हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू असतो. त्याचे प्रमाण थोडे असताना अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तोच वायू नाकाची शक्ती बधिर करतो. 'वास गेला' म्हणून माणूस पुढे जातो आणि कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. धोकादायक सफाईसाठी माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. टाकी यंत्रानेच उपसून घ्यावी.

कूलर, ओल आणि उंदीर

आपल्या भागात उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. टाकीतील शिळे पाणी आणि कुजलेले गवत यांचा वास पंखा घरभर फेकतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी, आतल्या भिंती घासाव्यात, उन्हात कोरडी होऊ द्यावी. घासणे महत्त्वाचे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि नुसते पाणी बदलून ती जात नाहीत. गवत दर हंगामात नवे घालावे.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि कपाटामागे बुरशी धरते. बुरशीने दमेकऱ्यांना व लहान मुलांना खोकल्याचा त्रास वाढतो. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, काळे डाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. पण पाणी मुरते ती जागा दुरुस्त केल्याखेरीज बुरशी जात नाही. वरून रंग मारणे म्हणजे भिंतीला लावलेली उदबत्तीच!

मेलेल्या उंदराचा वास एक ते तीन आठवडे टिकू शकतो. माश्या कुठे घोंगावतात ते पाहावे. माळा, फ्रीजची मागची बाजू आणि धान्याच्या कोठ्यांमागे शोधावे. सापडल्यावर उघड्या हाताने उचलू नये. जागा ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून मग पुसावी. वास फ्रीजमधूनच येत असेल तर मागे किंवा खाली पाणी साचण्याचा एक उथळ ट्रे असतो, तो काढून धुवावा.

हे वास आले तर थांबू नका

स्वयंपाकाचा गॅस : या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. अमेरिकेत टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथील शाळेत १९३७ साली बिनवासाचा नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला, सुमारे तीनशे मुले व शिक्षक दगावले. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती तिथे सुरू झाली. आपल्या सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटन चालू करू नये आणि बंदही करू नये. ठिणगी दोन्ही वेळी पडते. सर्वांना बाहेर काढून मग बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

जळके प्लॅस्टिक किंवा मासळीसारखा वास : मासळी आणलेली नसताना स्विच बोर्डाजवळ असा वास आला तर आत वायर तापते आहे असे समजावे. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

धान्याच्या खोलीत लसणासारखा वास : किडीसाठी वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दमट हवेत अत्यंत विषारी वायू सोडतात. या विषावर उतारा नाही. राहत्या घरात या गोळ्या ठेवूच नयेत. असा वास आला तर लेकराबाळांसह सर्वांनी बाहेर पडावे आणि मळमळ किंवा धाप लागत असेल तर तडक रुग्णालय गाठावे.

वास नसलेला शत्रू

वास नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र नव्हे. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गळून गेल्यासारखे वाटते, झोप येते आणि ती शेवटची ठरते. आपला कोळशाचा मुलूख. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत शेगडी पेटवून दार लावून झोपण्याची सवय अजूनही काही घरांत आहे. शेगडीचा धूर दिसेनासा झाला, निखारे लाल झाले म्हणजे ती निर्धोक झाली, असे समजू नये. शेगडी झोपण्याआधी बाहेर ठेवावी. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरही हाच वायू सोडू शकतो.

उपाय करताना घ्यायची काळजी

संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसे जाळतो.

कपड्यांतील डांबरगोळ्यांबाबतही सावध राहावे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल सर्वांना माहीत आहे. तसाच 'जी-सिक्स-पी-डी' नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता हाही रक्ताचा दोष असतो. अशा बाळाला नॅप्थॅलीनच्या वासाच्या कपड्यांत किंवा गोधडीत गुंडाळले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत सुकलेला कडुनिंबाचा पाला घालावा आणि कपडे उन्हात वाळवावेत.

सगळे धुऊन-पुसून झाल्यावर उरलेला वास शोषायला उघड्या वाटीत खायचा सोडा किंवा लाकडी कोळशाचे तुकडे ठेवावेत. दगडी कोळसा चालत नाही.

उंबऱ्याबाहेरची घाण

खरकटे आणि मटणाची हाडे क्वार्टरमागे फेकली की घरातला वास बाहेर जातो, पण प्रश्न संपत नाही. घाणीवर कुत्री व डुकरे येतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा आणि दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. वन्यप्राणी वस्तीजवळ येण्याची कारणे अनेक आहेत, पण कचरा झाकून ठेवणे आणि घंटागाडीतच टाकणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

वास फक्त तुम्हालाच येत असेल तर?

सारे घर पालथे घातले, इतर कोणालाच वास येत नाही, तरी आपल्याला येतो, असे झाले तर घर नव्हे, स्वतःला तपासून घ्यावे. सायनसमधील पू, किडलेली दाढ, अर्धशिशी आणि क्वचित फिटचा आजार यांत असे वास येतात. उलट वास हळूहळू येईनासा होणे हे काही वेळा कंपवाताचे पहिले लक्षण असते. दोन्ही बाबतींत नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

थोडक्यात सांगायचे तर आधी गॅस व वीज तपासा, मग मोरी, मग ओल आणि उंदीर. मूळ काढा, धुवा, ऊन दाखवा, हवा खेळती ठेवा. एवढे झाल्यावर उदबत्ती लावायची ती देवापुढे, मोरीसाठी नव्हे.