वेबसाइट नक्की कुणाच्या नावावर?

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण ज्यांच्यासाठी आपण वेबसाइट बनवतो ते दुकानदार मराठीतच बोलतात.

माझी आत्या कोल्हापूरला घरगुती कांदा-लसूण मसाला विकते. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने तिला वेबसाइट करून दिली. छान होती. आत्याने हौसेने पाच हजार पाकिटांवर साइटचा पत्ता छापून घेतला. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका गिऱ्हाईकाचा फोन आला, "अहो काकू, तुमच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती येतायत!" आत्याने मला फोन केला, "अगं, तू कॉम्प्युटरला आहेस ना? बघ जरा काय झालंय."

मी बघितलं. डोमेनची मुदत संपली होती आणि भलत्याच माणसाने ते नाव विकत घेतलं होतं. त्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावावर, कॉलेजच्या ई-मेलवर घेतलं होतं. तो पास झाला आणि कॉलेजने तो ई-मेल बंद केला. पैसे भरायच्या सूचना त्या बंद पेटीत जात राहिल्या. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. नुकसान मात्र आत्याचं झालं.

म्हणून छोट्या धंद्याला वेबसाइटसाठी काय काय लागतं, ते क्रमाने बघू.

१. डोमेन. नेटवर्क्सच्या पेपरात आपण डीएनएस पाच मार्कांपुरतं पाठ करतो. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर डोमेन म्हणजे दुकानाची पाटी. ती विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळते. डॉट कॉम चालतं, डॉट इन चालतं. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेनही २०१४ पासून आहे. नाव असं असावं की फोनवर सांगितलं तरी समोरच्याला बरोबर लिहिता यावं. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा.

आता मुदतीचं गणित. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन ही संस्था नियम करते. त्यानुसार विकणाऱ्या कंपनीने मुदत संपायच्या सुमारे एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना द्यावी लागते. मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. आधी कंपनीनुसार काही दिवसांची सवलत असते. नाव रद्द झालं तरी तीस दिवस जास्त पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते सगळ्यांसाठी मोकळं होतं. म्हणजे आत्याकडे वेळ भरपूर होता, फक्त तिला कुणी सांगितलंच नाही.

२. होस्टिंग. हा दुकानाचा गाळा. मसाला, टेलरिंग, क्लासेस यांना दोन-चार पानांची साधी साइट पुरते. त्यासाठी स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग पुष्कळ झालं. आपल्याला प्रोजेक्टमध्ये मोठा डेटाबेस लावायची हौस असते, पण ती दुकानदाराच्या खिशातून भागवू नये. डोमेन आणि होस्टिंग शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवावं. एकीशी बिनसलं तरी पाटी आपल्याकडे राहते. साइटची एक प्रत पेन ड्राइव्हवरही असू द्या.

३. एसएसएल सर्टिफिकेट. क्रोम ब्राउझर २०१८ पासून एचटीटीपीएस नसलेली साइट असुरक्षित असल्याचं दाखवतो. ते वाचून गिऱ्हाईक पळतं. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून सर्टिफिकेट फुकट मिळतं. मुदत थोडी असते, म्हणून त्याचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी.

४. मजकूर. इथे आपण सगळ्यात कमी वेळ देतो, आणि गिऱ्हाईक तर हेच बघायला येतं! पूर्ण पत्ता, वेळ, सुट्टीचा वार, फोन नंबर, भाव आणि खरे फोटो एवढं पाहिजेच. मोबाइलवरचा चार एमबीचा फोटो तसाच चढवू नका, लहान करा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाका. प्रेसवाल्याकडून जाहिरातीचा मजकूर येतो तो बहुतेक वेळा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असतो. तो साइटवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो मजकूर चित्र करून टाकला तर दिसतो बरा, पण सर्चमध्ये सापडेलच याचा भरवसा नाही.

५. विक्री करायची असेल तर. नुसती माहिती देणं वेगळं आणि ऑनलाइन पैसे घेणं वेगळं. पेमेंट गेटवेवाले पॅन, बँक खातं आणि साइटवर परताव्याचे नियम मागतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे धंद्याचं नाव, पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची हे साइटवर लिहावं लागतं. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा चौदा अंकी नंबर हवा. परराज्यात माल पाठवायचा असेल तर जीएसटीचं सी. ए. ना आधी विचारून घ्या. सुरुवातीला फोनवर ऑर्डर आणि यूपीआयवर पैसे, एवढ्यावरही काम भागतं.

हे सगळं आत्याला समजावताना माझ्या पोटात एकदम गोळा आला. सेकंड इयरला मी आपल्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांची साइट केली होती. तिचं डोमेन कुणाच्या ई-मेलवर होतं? माझ्याच, तेही कॉलेजच्या! दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले. काकांच्या मोबाइलवर त्यांचा ई-मेल उघडला, त्यांच्या नावाने खातं काढलं आणि डोमेन तिकडे फिरवलं. पासवर्ड त्यांना स्वतःच्या हाताने वहीत लिहायला लावला. काका म्हणाले, "बाळ, मला वाटलं होतं हे आधीपासून माझंच आहे." मला फार लाज वाटली.

सुट्टीत पॉकेटमनीसाठी आपल्यातले बरेच जण असं काम घेतात. घ्याच, शिकायला मिळतं. पण काम संपलं की एका कागदावर चार गोष्टी लिहून मालकाच्या हातात द्या: डोमेन कुठे घेतलं, होस्टिंग कुठे आहे, दोन्हीची मुदत कधी संपते आणि लॉगिन कोणत्या ई-मेलने होतं. तो ई-मेल मालकाचाच हवा. आपण प्लेसमेंट लागून निघून जाऊ, त्याचं दुकान तिथेच राहणार आहे.

आत्याने आता नवं नाव घेतलंय, स्वतःच्या ई-मेलवर. उरलेल्या पाकिटांवर दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या भावाने बसून नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवले. त्यातली थोडी अजून माझ्या रूमवर आहेत. मेसची भाजी अळणी लागली तर मागून न्या!