चकलीची सनद

सातारा

जुई,


काल तुझ्या आईचा फोन झाला. तुमची कुत्री चकली गेल्यापासून तू तळजाईला फिरायला जात नाहीस, चित्रांची वही कपाटात टाकली आहेस आणि धाकटा अथर्व रांगत भुंकायला लागला की त्याच्यावर खेकसतेस, असं म्हणाली. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझं काही म्हणणं नाही. तळजाईच्या चढावर तिच्याशिवाय पाय उचलत नसतील, ते मी समजू शकते. पण अथर्ववर ओरडू नकोस. 'मला चकलीची आठवण येते' हे त्याला अजून धड सांगता येत नाही, म्हणून तो स्वतःच चकली होतो. अंगणात मेलेली चिमणी सापडली की मुलं तिला पुरतात, वर फुलं ठेवतात आणि थोड्या वेळानं तिथंच लगोरी मांडतात. त्यात निष्ठुरपणा नसतो. मोठं होताना आपली ती सोय काढून घेतली जाते, इतकंच.

मैत्रिणीच्या वाढदिवसाला पोटभर हसलीस आणि घरी आल्यावर लाज वाटली, असं तू मला लिहिलं होतंस. मला वाटतं, ही लाज चकलीमुळे नाही, रीतीच्या अभावानं आलीय. घरातलं माणूस गेलं की शेजारी पिठलं-भात आणून देतात, लोक भेटायला येतात, दहावा-तेरावा होतो. रडायचं कधी, उठायचं कधी, गोड कधी खायचं, सगळं ठरलेलं असतं. कुत्र्याला यातलं काही नाही. तू दुसऱ्या दिवशी क्लासला गेलीस आणि कुणीतरी म्हणालं, 'अगं, कुत्रंच होतं ना!' अशा वेळी कधी हसावं, हे सांगणार कोण? मग रीत तूच घाल. आणि ती सुतकी चेहऱ्यानंच घातली पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

आमच्या साताऱ्यात याचा दाखला आहे. थोरले शाहू महाराज, म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू. (कोल्हापूरच्या राजर्षींशी गल्लत करू नकोस, तुमची पिढी हमखास करते.) शिकारीत त्यांच्या लाडक्या कुत्र्यानं वाघापासून त्यांचा जीव वाचवला. इकडं त्याला खंड्या म्हणतात. महाराजांनी त्या कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला. एकदा सरदार दरबारात भेटीला यायचे होते, तर कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पुढं स्वतः कधी डोक्याला काही घातलं नाही. साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हे सगळं लिहून ठेवलंय, पण बुद्धिभ्रंशाचं लक्षण म्हणून. मला ते पटत नाही. 1689 ते 1707, म्हणजे वयाच्या सातव्या वर्षापासून ऐन पंचविशीपर्यंत जो माणूस मोगलांच्या कैदेत राहिला, त्यानं राजा झाल्यावर दरबारी थाटाची थोडी फिरकी घेतली, तर त्याला लगेच वेडा कशाला ठरवायचं? महाराज 1749 साली गेले. त्या दरबारात कोण कोण सरदार बसले होते ते आज कुणाला आठवत नाही. कुत्र्याची पगडी आठवते.

तेव्हा चकलीचा फोटो मोठा करून त्याला हार घालायच्या भानगडीत पडू नकोस. हार घातलेल्या फोटोत सगळेच सारखे दिसतात. तू तिची सनद लिही. सुरुवात मी करून देते: 'सोफ्याखालचा समस्त मुलूख, गॅलरीतली सकाळच्या उन्हाची पट्टी आणि आपल्या गेटापासून पुष्प मंगल कार्यालयाच्या चौकापर्यंतचे यच्चयावत विजेचे खांब चकलीबाईंस इनाम दिले असे. महसूल: मार्केटयार्डातून येणाऱ्या दर पिशवीमागं एक गाजर.' पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती जोडातली एकच चप्पल का पळवायची, कुकरच्या शिट्टीला गॅलरीत जाऊन कुणावर भुंकायची, चोरलेलं गाजर न खाता सोफ्याखाली का दडवायची, हे सगळं कलमवार येऊ दे. शिक्क्यासाठी बटाटा अर्धा कापून त्यावर तिच्या पंजाचा ठसा कोर. तो उमटवायचं काम अथर्वचं. लिहिता लिहिता मध्येच रडू येईल. येऊ दे, मग पुन्हा लिही.

आणखी एक. चकली तुला खेळायला बोलवायची तेव्हा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायची आणि शेपटीकडचा भाग वर ठेवायची, आठवतंय? मार्क बेकॉफ नावाच्या अमेरिकन प्राणिवर्तन-अभ्यासकानं कुत्र्यांच्या खेळाच्या चित्रफिती बारकाईनं तपासल्या. त्याला असं दिसलं की खेळात डोकं झटकत चावा घेण्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर कुत्री अशी वाकतात. म्हणजे, हे चावणं खेळातलं आहे, खरं समजू नकोस. वही उघडशील तेव्हा तूही पहिल्या पानावर अशीच एक ओळ टाक: 'यातलं एकही चित्र चांगलं यायला नको.' मग चकलीला पीएमपीच्या बसमध्ये कंडक्टर कर, पर्वतीच्या पायऱ्यांवरून गाजरं घेऊन पळव, काय वाटेल ते कर. तिच्याशी खेळताना तुझ्या डोक्यात ज्या कल्पना यायच्या, त्या तिनं बरोबर नेलेल्या नाहीत.

'दुसरं पिल्लू आणा' हा सल्ला बिबवेवाडीत आता घरोघरी मिळेल. त्याची घाई नको. रडू थांबवायला म्हणून आणलेल्या पिल्लावर अन्यायच होतो. खेळायला हात शिवशिवतील तेव्हा बघू.

संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर खंड्याची दगडी समाधी आहे. परीक्षा संपली की एखाद्या शनिवारी अथर्वला घेऊन स्वारगेटहून साताऱ्याची गाडी पकड, आपण जाऊन येऊ. सनद बरोबर आण, तिथं मोठ्यानं वाचून दाखवायची आहे. मात्र पावसाळ्यात नको. तेव्हा नदीचं पाणी वर चढतं, दिवाळीनंतर ये.

तुझी,
मावशी