पाण्यापासून मिळणारा वायू आणि मोटारीचे इंधन

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे सात-दशांश भाग पाण्याने व्यापलेला आहे. हे पाणी हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगाने बनलेले असून त्यांपैकी हायड्रोजन हा ज्वलनशील वायू आहे. तेव्हा पेट्रोलऐवजी पाण्यावरच मोटारी का चालवू नयेत, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी पाणी व हायड्रोजन यांचे नाते प्रथम समजून घेतले पाहिजे.

पाण्याचे विघटन

१८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी पाण्यातून विजेचा प्रवाह सोडून त्याचे दोन घटक वेगळे केले. हा प्रयोग शाळेतही करता येतो. पेलाभर पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा. दोन शिसपेन्सिली दोन्ही टोकांना तासून त्यांची वरची टोके तारांनी ९ व्होल्टच्या विद्युत्-घटास जोडावीत व खालची टोके पाण्यात एकमेकींपासून दूर बुडवावीत. दोन्ही टोकांशी बुडबुडे दिसू लागतात. ऋण टोकाशी येणारा वायू हायड्रोजन होय. हे दोन्ही वायू एकत्र कोंडू नयेत व त्यांच्याजवळ ज्योत नेऊ नये, कारण त्यांचे मिश्रण स्फोटक असते.

पाणी ही हायड्रोजनची राख

लाकूड जळून राख उरते, तद्वत् हायड्रोजन जळून पाणी उरते. राख पुन्हा पेटत नाही. पाण्यातून हायड्रोजन परत मिळवावयाचा तर तो जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, निदान तेवढी तरी पुन्हा खर्च करावी लागते. प्रत्यक्षात खर्च त्याहून अधिक येतो. ९ किलोग्रॅम पाण्यापासून १ किलोग्रॅम हायड्रोजन मिळविण्यास ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो जाळल्यास सुमारे ३३ युनिट उपयुक्त ऊर्जा मिळते.

मोटारीतील बॅटरीच्या विजेने पाण्याचे विघटन करून तो वायू एंजिनात सोडल्यास पेट्रोल वाचते, असे सांगून उपकरणे विकली जातात. परंतु ती बॅटरी भरते कोण? एंजिनावर फिरणारे जनित्रच. एंजिन स्वतः इंधनातील ऊर्जेचा फार तर तिसरा हिस्सा कार्यात आणते. जनित्रात व विघटनात आणखी घट होते. म्हणजे शंभर रुपये मोडून वीस परत घेण्यासारखाच हा व्यवहार ठरतो. केवळ पाण्यावर मोटार चालविल्याचा असाच एक दावा १९९६ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या न्यायालयाने फसवणूक ठरविला.

मग उपयोग कोणता?

हायड्रोजन हा ऊर्जेचा उगम नव्हे, वाहक आहे. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह यांनी हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगापासून वीज मिळविण्याचे तत्त्व दाखविले. त्यावर आजचे इंधन-घट आधारलेले आहेत. २०१४ साली जपानमध्ये विक्रीस आलेली ‘मिराई’ ही मोटार अशाच घटावर चालते. हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट दाबाखाली साठविलेल्या ५ किलोग्रॅम हायड्रोजनवर ती सुमारे ५०० किलोमीटर जाते व तिच्या नळीतून केवळ पाणी बाहेर पडते. तथापि तीच वीज थेट बॅटरीत भरल्यास दुपटीहून अधिक अंतर कापता येते. म्हणून लहान मोटारींपेक्षा खते, पोलाद व दूरवर जाणारी अवजड वाहने यांसाठी हायड्रोजनचा विचार अधिक होतो.

भारताला हे तंत्र नवीन नाही. १९६० च्या दशकात पंजाबातील नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन करून खतासाठी हायड्रोजन बनविला जात असे. २०२३ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले आहे. त्यासाठी लागणारी वीज सूर्यप्रकाश, वारा वा जलप्रपात यांपासून आली तरच हवा स्वच्छ राहील. कोळशाच्या विजेने काढलेला हायड्रोजन मोटारीचा धूर वीजकेंद्राच्या धुराड्यातून सोडील, एवढेच.

अभ्यास

१. पाण्याला हायड्रोजनची राख का म्हटले आहे?
२. ५ किलोग्रॅम हायड्रोजन मिळविण्यास किती पाणी व किती वीज लागेल?