कानाचं मशीन घेताना

"आजोबा, टीव्हीचा आवाज जरा कमी करा ना!" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आमच्याकडेही होतं. मग सगळ्यांनी पैसे जमवले, दुकानातून तयार मशीन आणलं आणि महिनाभरात ते कपाटाच्या खणात गेलं. आजोबा म्हणाले, "नुसता गोंगाट होतो रे." मित्रांनो, चूक त्यांची नव्हती, आमच्या निवडीची होती.

वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा उच्च वारंवारितेचे आवाज आधी जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. स्वर मात्र खालच्या वारंवारितेत. म्हणून बोललेलं ऐकू येतं, पण 'सात' की 'हात' ते कळत नाही. सगळाच आवाज सरसकट वाढवला, तर भांड्यांचा खणखणाटही वाढतो! चांगलं डिजिटल मशीन प्रत्येक पट्ट्याला वेगळा गेन देतं आणि मोठा आवाज दाबून ठेवतं. कुठे किती गेन हवा, हे ऑडिओग्राम सांगतो. स्पेसिफिकेशनशिवाय आपण मोटर तरी घेतो का?

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कधी कधी नुसता मळच साठलेला असतो. मग ऑडिओग्राम काढा. त्यानुसार मशीन लावून, घरच्या माणसाशी बोलून बघा. शिट्टी वाजत असेल तर बहुधा ते कानात नीट बसलेलं नाही, साचा तपासा. थरथरत्या बोटांना इवलासा सेल बदलता येतो का, हेही बघाच.

आता पैशाचं गणित. समजा, मशीन २०,००० रुपयांचं, ५ वर्षं टिकलं. दर १० दिवसांना ४० रुपयांचा एक सेल, म्हणजे ५ वर्षांत ७,३००. एकूण २७,३००, म्हणजे रोजचे सुमारे १५ रुपये. तेच मशीन एका महिन्यात खणात गेलं, तर नुसत्या किमतीचेच रोज ६६७ रुपये पडतात! महाग कोणतं, तुम्हीच ठरवा.

ज्यांना हेही परवडत नाही त्यांच्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तिच्यात ६० वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी, व्हीलचेअर अशी साधनं मोफत देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी, साधनं घ्यायला एकदाच ३,००० रुपये खात्यात जमा करायचं ठरलं. सध्या अर्ज घेतात का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. हे फॉर्म भरायला आजोबांना आपली मदत लागते.

आम्ही पुन्हा ऑडिओग्रामपासून सुरुवात केली. आता जेवताना आजोबा मधेच विचारतात, "काय म्हणालास? परत सांग." पूर्वी ते विचारतही नव्हते, नुसते हसायचे.