दुसऱ्याचें बोधचिन्ह आपल्या संकेतस्थळावर

तासगांवाकडील आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गटानें बेदाण्याच्या विक्रीकरितां स्वतःचें संकेतस्थळ उघडलें. पान शोभिवंत दिसावें म्हणून तरुण मंडळींनीं तळाशीं ठिबकसंच, ट्रॅक्टर व खतें यांच्या कंपन्यांचीं बोधचिन्हें, ज्यांस हल्लीं लोगो म्हणतात, ओळीनें मांडलीं. आणि ‘आमचे ग्राहक’ या मथळ्याखालीं एका मोठ्या दुकानसाखळीचें चिन्ह ठेविलें. वास्तविक त्या दुकानांत गटाचा माल एकदांच, तोही व्यापाऱ्याच्या हातून गेला होता. दोन महिन्यांत वकिलाची नोटीस आली. ती घेऊन मंडळी आमच्याकडे आली तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, “भाऊसाहेब, सातबाऱ्यावर बोजा तर चढणार नाहीं ना?”

वकिलाच्या नोटिशीनें सातबाऱ्यावर कांहींही चढत नाहीं. परंतु ती कपाटांत टाकून स्वस्थ बसणें, ही जी आपल्या लोकांची जुनी खोड, ती येथें महाग पडते. कारण पुढची पायरी दिवाणी दाव्याची, मनाईहुकुमाची व नुकसानभरपाईची असते.

व्यापारचिन्हांचा कायदा 1999 चा असून तो 15 सप्टेंबर 2003 पासून अंमलांत आहे. माल व सेवा मिळून 45 वर्ग आहेत व चिन्हाची नोंद वर्गवार होते. तेव्हां ट्रॅक्टरचें चिन्ह बेदाण्याच्या पानावर घातल्यास वर्ग निराळा, मग बाध कसला, असें कोणासही वाटेल. आमचीही प्रथम तीच समजूत झाली. गट नंबर निराळा तर अतिक्रमण नाहीं, ही आमच्या जुन्या नोकरीची संवय. परंतु कलम 29 चें चौथें पोटकलम तसें म्हणत नाहीं. चिन्ह भारतांत नांवलौकिकास चढलेलें असेल आणि योग्य कारणावांचून त्याच्या लौकिकाचा गैरफायदा घेतला गेला, अथवा त्यास हानि पोंचली, तर माल निराळा असूनही अतिक्रमण ठरूं शकतें.

मग दुसऱ्या कंपनीचें नांवही घेऊं नये काय? तसें नाहीं. कलम 30 प्रामाणिक वापरास मुभा देतें. ‘आमच्या बागेस अमुक कंपनीचा ठिबकसंच आहे’ हें खरें वाक्य साध्या अक्षरांत लिहिण्यास आमच्या मतें हरकत नाहीं. तेंच नांव कंपनीच्या रंगांत व आकारांत ठळक मांडलें म्हणजे पाहणाऱ्यास वाटतें कीं कंपनीचा व आपला कांहीं करार आहे; आणि वाद तेथेंच उभा राहतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें 2008 सालीं हॉकिन्स कंपनीच्या दाव्यांत असाच प्रश्न पाहिला. दुसऱ्याच एका उत्पादकानें आपल्या गॅस्केटच्या वेष्टनावर ‘हॉकिन्स कुकरसाठीं योग्य’ या अर्थाचा मजकूर छापला होता व त्यांत हॉकिन्स हें नांव उठून दिसेल असें ठेविलें होतें. तें गॅस्केट केवळ हॉकिन्सच्याच कुकरसाठीं बनविलेलें नव्हतें. सबब नांव घेण्याची वाजवी गरज नव्हती, असें ठरून निकाल हॉकिन्सच्या बाजूनें लागला.

चिन्ह इंटरनेटवर सहज सांपडतें म्हणून तें फुकटाचें, ही समजूतही सोडावी. चिन्हाचें चित्र 1957 च्या कायद्याखालीं स्वतंत्र कलाकृति असूं शकतें.

आपल्या वाचकांस याहून जवळचा असा एक मुद्दा आहे. सांगलीच्या बेदाण्यास व कोंकणच्या हापुसास भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आहे. परंतु बाग त्या मुलखांत आहे एवढ्यानें तें निर्देशन लावण्याचा हक्क पोंचत नाहीं. त्यासाठीं अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतःची नोंद करावी लागते. अॅगमार्कचेंही तसेंच, त्याचा कायदा तर 1937 चा आहे.

गटाच्या पानावरील सर्वांत वाईट गोष्ट ‘आमचे ग्राहक’ ही होती, कारण ती खरीच नव्हती, आणि तेथें कलम 30 चा आसरा मिळणें कठीण. तें चिन्ह त्याच दिवशीं काढविलें व तसें उत्तर वकिलामार्फत पाठविलें. ट्रॅक्टर व खतांचीं चिन्हें मंडळींनीं आपण होऊन काढलीं. ठिबकसंचाच्या कंपनीकडे लेखी परवानगी मागितली आहे. तिचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं, आणि तोंवर त्या जागीं गटाच्याच बागेंतील द्राक्षाच्या घडाचें चित्र लाविलें आहे.