चार्जर कायम लावून ठेवावा का?



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या नेसरीत वळवाचा पाऊस आला आणि नेहमीप्रमाणे लाईट गेली. माझी अक्का लॅपटॉपवर कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती. "बॅटरी फुल्ल हाय, काळजी नको," असे ती म्हणाली. पण तासाभराच्या आतच पडदा काळा झाला आणि अर्ज अर्धाच राहिला. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने गडहिंग्लजला जाऊन अक्काने तो भरला, म्हणून बरे झाले.

बोलणी मात्र मला बसली. अक्का म्हणाली, "तूच रातंदिवस चार्जर लावून ठेवतोस. तुझ्यामुळंच बॅटरी गेली!" मी म्हणालो, "आणि काढला तर तूच ओरडतेस की!" शेवटी आबा म्हणाले, "भांडू नका. उसाचं बिल आलं की नवी बॅटरी बघू. पण चूक नेमकी कुठं झाली ते आधी शोधून काढ. नाहीतर नवीपण अशीच जाईल."

मला ते पटले. मी बाईंना विचारले, थोडे वाचले, थोडे करून पाहिले. तेच आज येथे लिहीत आहे.

आधी हिशेब

लॅपटॉप आपल्या बॅटरीचा अहवाल स्वतःच देतो. बाईंनी तो काढून दाखवला. त्यात दोन आकडे होते. बॅटरी नवी असताना तिच्यात 41,000 मिलीवॅट-तास वीज मावत होती. आता पूर्ण भरली तरी 12,300 च मावते. आपण शेकडेवारी शिकलोच आहोत. 12,300 भागिले 41,000 गुणिले 100, म्हणजे फक्त 30 टक्के!

नवा असताना लॅपटॉप 3 तास, म्हणजे 180 मिनिटे चालायचा. त्याचे 30 टक्के म्हणजे 54 मिनिटे. मी चार्जर काढून घड्याळ लावून बसलो. 50 मिनिटे चालला. हिशेब जवळजवळ जुळला. पडद्यावर 100 टक्के दिसत होते ते खोटे नव्हते. पण ते आता लहान झालेल्या भांड्याचे 100 टक्के होते.

बॅटरी जास्त भरते का?

मला वाटायचे की चार्जर लावून ठेवला की वीज आत जातच राहते आणि बॅटरी उतू जाते. तसे होत नाही. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद होते. लॅपटॉपमध्येही असेच काम करणारी व्यवस्था असते. बॅटरी भरली की ती चार्जिंग थांबवते आणि लॅपटॉप थेट चार्जरच्या विजेवर चालतो. तेव्हा त्या बाबतीत माझी चूक नव्हती.

मग बिघडते कशाने?

हल्लीच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. अशा बॅटऱ्या 1991 पासून बाजारात आल्या. त्या घडवल्याबद्दल 2019 साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ 97 वर्षांचे होते!

या बॅटरीला दोन बाजू असतात. एका बाजूला ग्राफाइट असते. आपल्या पेन्सिलीच्या शिशातही तेच असते. चार्ज करताना लिथियमचे कण दुसऱ्या बाजूकडून येऊन या ग्राफाइटमध्ये बसतात. लॅपटॉप वापरताना ते परत जातात. अशा येण्याजाण्यात काही कण वाटेत अडकून कायमचे निकामी होतात. म्हणून वापराने बॅटरी झिजतेच.

पण न वापरता नुसती काठोकाठ भरून ठेवली तरी ती झिजते. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या आत विजेचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि नको त्या रासायनिक क्रिया हळूहळू चालू राहतात. त्यात उष्णतेची भर पडली तर त्या आणखी वेगाने होतात. सायकलच्या ट्यूबमध्ये ठासून हवा भरली आणि सायकल उन्हात लावली तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहेच.

आमच्या घरी हेच झाले होते. बॅटरी चार वर्षांची. चार्जर कायम लावलेला, तो मी. लॅपटॉप गोदडीवर ठेवलेला, ती अक्का. गोदडीने खालची भोके बुजायची आणि गरम हवा बाहेर पडत नसे. वर पत्र्याचे छप्पर आणि एप्रिल-मेचे ऊन. म्हणजे दोष एकट्याचा नव्हता!

शेजारचे काका म्हणाले, "बॅटरी पार उतरवून मगच चार्ज करावी." हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे. लिथियमच्या बॅटरीला रोज शून्यावर आणणे उलट वाईट.

काळजी कशी घ्यावी?

1. बऱ्याच लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. ती चालू करावी. मग चार्जर लावलेला राहिला तरी चालतो.
2. अशी सोय नसेल तर भरल्यावर चार्जर अधूनमधून काढावा आणि 20 टक्क्यांच्या आसपास पुन्हा लावावा.
3. लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेवावा. गोदडी, गादी, उशी नको.
4. सुट्टीत बंद ठेवायचा असेल तर बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवावा.
5. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. मोठ्या माणसांना सांगून दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. चुलीत किंवा उकिरड्यावर कधीही टाकू नये. ती पेट घेते.

2007 साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा गावच्या प्राथमिक शाळेत मुलांना लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. आता आपल्यासारख्या गावांत घरीही लॅपटॉप दिसतो. पण शहरापेक्षा आपल्याकडे लाईट जास्त जाते, म्हणून बॅटरीची गरज आपल्यालाच जास्त.

एकदा झिजलेली बॅटरी परत सुधारत नाही. आबांनी उसाच्या बिलातून नवी आणली. तिला 80 ची मर्यादा मी घातली आणि गोदडीच्या जागी पाट अक्काने आणला. परवा पुन्हा लाईट गेली, तेव्हा अक्काने दोन तास अभ्यास केला. मला मात्र काही बोलली नाही. पण उठताना म्हणाली, "पाट उचलून ठेव रे, पाय लागंल." तेव्हाच मी ओळखले की भांडण मिटले.

आपल्या घरचा लॅपटॉप आज कशावर ठेवलेला आहे, ते घरी जाऊन जरूर पाहा!

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी